कचेरी लहान, जोखीम मोठी

"मामा, दोन दिवस सवड काढून या. कचेरीसाठी यंत्रे घ्यायची आहेत आणि दुकानदारांचे बोलणे ऐकून माझे डोके भणभणायला लागले आहे," असा भाच्याचा फोन आला आणि मी नागपूरहून लाखनीची एस. टी. पकडली.

भंडारा मागे पडले की साकोलीच्या अलीकडे लाखनी लागते. लोक या रस्त्याला मुंबई-कोलकाता मार्ग म्हणतात. पूर्वी त्याचा क्रमांक ६ होता, आता ५३ आहे. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या आणि मधूनमधून तलाव. अशा या तालुक्याच्या गावी भाच्याने दहा बाय बाराच्या खोलीत आपली कचेरी थाटली आहे. एक टेबल, तीन खुर्च्या, एक लोखंडी कपाट, आणि दारावर पाटी : 'मूल्यांकनकार'.

"म्हणजे हा करतो तरी काय?" असे माझी बहीण अजूनही विचारते. हा लोकांच्या घराचे, जमिनीचे, दुकानाचे मोल ठरवून देतो. घर तारण ठेवून कर्ज काढायचे असेल, भावाभावांत वाटणी करायची असेल, तर त्याच्यासारख्याचा अहवाल लागतो. कंपन्यांच्या मालमत्तेसाठी २०१३ च्या कंपनी कायद्यात २४७ वे कलम आले, २०१७ साली त्याचे नियम झाले, आणि जमीन-इमारत, यंत्रसामग्री व रोखे असे नोंदणीकृत मूल्यांकनकारांचे तीन वर्ग ठरले. पण लाखनीसारख्या गावी बहुतेक काम घराघरांचेच. चार भिंती, कवेलूचे छप्पर, मागे सांदवाडी, आणि त्यावर साऱ्या कुटुंबाचा जीव.

माझी हयात छापखान्यात गेली, म्हणून हे बोलावणे. पण यंत्रांकडे वळण्याआधी भाच्याने मला गेल्या वर्षीची एक हकीकत सांगितली. ती ऐकल्यावर मला कळले की प्रश्न नुसत्या खरेदीचा नव्हता.

जवळच्या एका खेड्यातल्या मुलीला नागपूरच्या एका खासगी महाविद्यालयात वैद्यकीय शाखेची जागा मिळाली. घर तारण ठेवून शिक्षणाचे कर्ज काढायचे ठरले. भाच्याने घर पाहिले, मोजले, मोबाइलवर फोटो काढले आणि स्वतःच्याच नंबरवर संदेशाने पाठवून संगणकावर घेतले. मोबाइलमधली जागा भरली होती म्हणून मूळ फोटो पुसून टाकले. अहवाल शाईच्या प्रिंटरवर छापला आणि श्रावणातल्या पावसात मोटरसायकलवरून बँकेत नेला. पिशवी गळकी निघाली. घराचा क्रमांक निळ्याकाळ्या डागात बुडाला. त्याच आळीत शेजारचे घरही हुबेहूब तसेच, आणि फोटो नेमका कोणत्या घराचा हे सांगणारी खूण फोटोत कुठेच नव्हती. बँकेने अहवाल परत केला.

"बँकेचे काही चुकले नाही, मामा," भाचा म्हणाला. "चूक माझी. पुन्हा जायचे तर नाल्याला पूर. आठ दिवस गेले आणि फीची मुदत तर चौथ्याच दिवशी होती. मुलीच्या आईने पाटल्या गहाण ठेवून पहिला हप्ता भरला. कर्ज नंतर मंजूर झाले, पण ते पैसे थेट महाविद्यालयाला जातात. पाटल्या सोडवायला त्यांना धान विकले जाईपर्यंत थांबावे लागले."

मी गप्प बसलो. मग आम्ही एक वही घेतली आणि पहिल्या पानावर लिहिले : आपण नसताना आपला कागद स्वतः बोलला पाहिजे. प्रत्येक यंत्र याच कसोटीवर घासायचे ठरले.

शाई की भुकटी?

प्रिंटरचे दोन प्रमुख प्रकार. एकात पातळ शाई बारीक छिद्रांतून कागदावर उडवली जाते. दुसरा लेझरचा. त्यात शाई नसतेच, रंगाची भुकटी असते. ती विजेच्या ओढीने कागदावर बसते आणि तापलेल्या रुळाखाली वितळून कागदाला चिकटते. भुकटीचा हा मार्ग चेस्टर कार्लसन याने शोधला. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या ॲस्टोरिया भागात त्याने गंधकाचा लेप दिलेला जस्ताचा पत्रा रुमालाने घासून विजेने भारला आणि त्यावरून ती तारीख व ॲस्टोरिया हे नाव मेणकागदावर उमटवले. पुढे झेरॉक्स कंपनीत गॅरी स्टार्कवेदर याने त्याला लेझर किरणांची जोड दिली.

आपल्याला त्यातून घ्यायचे ते एवढेच : ही भुकटी मुख्यतः प्लॅस्टिकची असते, त्यामुळे पाण्याने ती ओघळत नाही. शिवाय शाईचा प्रिंटर पंधरा दिवस पडून राहिला तर छिद्रांत शाई वाळते. ती साफ करण्यातही शाईच खर्ची पडते. लहान कचेरीत काम कधी धो धो, कधी ठणठणपाळ. म्हणून अक्षरांसाठी काळा लेझर, तोही कागदाच्या दोन्ही बाजूंना आपोआप छापणारा, हे आम्ही पक्के केले. दोन्ही बाजूंना छापण्याची आता लाज वाटायला नको. १ एप्रिल २०२० पासून सर्वोच्च न्यायालयानेसुद्धा ए-४ आकाराचा कागद दोन्ही बाजूंनी छापलेला घ्यायला सुरुवात केली.

फोटोंची रंगीत पाने मात्र हवीतच. त्यासाठी शाईच्या टाकीचा साधा प्रिंटर वेगळा ठेवावा आणि आठवड्यातून एकदा तरी एक रंगीत पान छापावे, म्हणजे छिद्रे मोकळी राहतात. रंगीत पाने क्वचितच लागत असतील तर गावातल्या झेरॉक्सच्या दुकानातून काढून आणावीत. रंगीत पान ओले होऊ नये म्हणून पारदर्शक जाड पिशवी, हा उपाय सगळ्यांत स्वस्त!

किंमत पाहताना यंत्राची पाहू नये, पानाची पाहावी. समजा, भुकटीची डबी ३,००० रुपयांची आहे आणि १,५०० पाने छापते, तर पानाला २ रुपये पडले. पण पानांचा हा आकडा पानाचा सुमारे ५ टक्केच भाग छापलेला धरून काढलेला असतो. तक्ते आणि शिक्के भरपूर असले की डबी लवकर संपते. नव्या यंत्राबरोबर येणारी डबीही बहुधा अर्धवट भरलेलीच असते.

आणखी दोन घरगुती सूचना. लेझरचा रूळ तापताना एकदम बरीच वीज ओढतो, म्हणून त्याला संगणकाच्या लहान बॅटरीवर जोडू नये. आणि पावसाळ्यात कागदाचे फोडलेले बंडल उघडे ठेवू नये. दमट कागद यंत्रात अडकतो आणि दोष यंत्राच्या माथी येतो.

फोटो खरे बोलेल का?

१९७५ साली कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन याने पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला, तेव्हा एक चित्र कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत आणि चित्रात अवघे दहा हजार ठिपके असत. आज प्रत्येकाच्या खिशातला मोबाइल त्याच्या हजारो पट ठिपके टिपतो. तेव्हा भाच्याला महागड्या कॅमेऱ्याची गरज नाही, हे मी त्याला स्पष्टच सांगितले. गरज आहे ती शिस्तीची.

मोबाइलच्या अतिरुंद भिंगाने, म्हणजे पडद्यावर जिथे ०.५ किंवा ०.६ असे दिसते त्याने, खोलीचा फोटो काढू नये. आठ फुटांची खोली त्यात दिवाणखान्यासारखी दिसते. हे मुद्दाम केले नसले तरी वाचणाऱ्याची फसवणूकच. एकाच्या आकड्यावर राहावे, आणि खोली मावत नसेल तर दोन कोपऱ्यांतून दोन फोटो घ्यावेत. घराच्या चारी बाजू, समोरचा रस्ता, दारावरचा घरक्रमांक, विजेच्या मीटरचा क्रमांक आणि शेजारच्या घरासह एक लांबचा फोटो, एवढे झाले की दोन जुळ्या घरांची गफलत होत नाही.

फोटोबरोबर तारीख, वेळ आणि जागेचे अक्षांश-रेखांश नोंदवण्याची सोय मोबाइलमध्ये असते, ती चालू ठेवावी. मोकळ्या आकाशाखाली ही नोंद सुमारे पाच मीटरांपर्यंत बरोबर येते. दाट घरांत ती चुकू शकते, म्हणून घरक्रमांकाचा फोटो हवाच. सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे संदेशाने नुसता फोटो म्हणून पाठवलेली प्रत दाबून लहान केली जाते आणि ही पोटातली माहिती गळून पडते. मूळ फोटो तारेने संगणकात घ्यावा आणि मगच मोबाइलमधून पुसावा.

याला कायद्याचीही बाजू आहे. १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्याच्या ६३ व्या कलमाप्रमाणे असा फोटो किंवा नोंद न्यायालयात द्यायची तर सोबत प्रमाणपत्र लागते आणि त्यात त्या नोंदीचे 'हॅश' मूल्य लिहावे लागते. हॅश म्हणजे त्या फाइलचा अंगठा. एक ठिपका बदलला तरी ठसा बदलतो.

सही कागदावर नसते

जुनी खरेदीखते घड्या पडून जीर्ण झालेली असतात. ती कागद ओढून घेणाऱ्या स्कॅनरात घालू नयेत. सपाट काचेवर अलगद ठेवून उतरवावीत. इंचाला ३०० ठिपके एवढी बारकाई पुरते. दर महिन्याला ढीगभर कागद उतरवायचे नसतील तर वेगळा मोठा स्कॅनर घेणे म्हणजे दोन माणसांच्या घरी वीस माणसांचे पातेले.

सातबाऱ्याच्या बाबतीत मात्र भाच्याने मलाच शिकवले. २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल सहीचा सातबारा मिळतो. ती सही फाइलच्या आत असते, छापलेल्या पानावर तिचे फक्त चित्र उरते. म्हणून छापलेला सातबारा पुन्हा स्कॅन करून ठेवणे म्हणजे शिक्का पुसून कागद जपणे! मूळ फाइलच जपावी. अहवालावर स्वतःची डिजिटल सही करतानाही हेच लक्षात ठेवावे, आणि सहीचे ते बोटाएवढे साधन दुसऱ्याच्या हाती कधी देऊ नये. कोरा चेक सही करून देण्यासारखेच ते.

अहवाल मराठीत असेल तर युनिकोड अक्षरांत लिहावा. जुन्या ठशांच्या लिपीत लिहिलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर अगम्य होतो आणि शोधूनही सापडत नाही. शेवटची प्रत पीडीएफ-ए या नमुन्यात ठेवावी. २००५ साली आंतरराष्ट्रीय मानक ठरलेला हा नमुना दीर्घकाळ जपण्यासाठीच बनवला आहे. त्यात अक्षरांचे ठसेही फाइलीतच बंद असतात.

आणि हे सारे तीन ठिकाणी असावे : एक प्रत संगणकात, दुसरी वेगळ्या डिस्कवर, तिसरी गावाबाहेर किंवा इंटरनेटवरच्या भांडारात. डिस्क संगणकाला कायम जोडून ठेवू नये. वीज कडाडली तर दोन्ही एकदम जातील.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही यादी लिहून संपवली. काळा लेझर, सपाट काचेचा स्कॅनर, दोन डिस्क, अंतर मोजणारे लेझरचे साधन आणि जुनी फितेची टेप. टेप कशाला, असे मी विचारले तर भाचा म्हणाला, "एक टोक घरधन्याच्या हाती देतो, मामा. आकडा त्याने स्वतः वाचला की त्याचाही विश्वास बसतो." नवा कॅमेरा यादीतून गळला होता. वाचलेल्या पैशांत भाच्याने चांगली पावसाळी पिशवी घेतली.

निघताना मी विचारले, "त्या मुलीचे काय?"

"दुसऱ्या वर्षाला गेली. परवा तिची आई आली होती दिवाळीचे बोलावणे द्यायला." थोडे थांबून तो म्हणाला, "हातात पाटल्या होत्या."