सात शेपट्यांचा उंदीर आणि वाचनाचा पाठ

दिवेलागण झाली कीं पुष्कळ घरांतून एक ठराविक स्वर ऐकूं येतो. आजोबा किंवा काका खुर्चींत बसलेले असतात आणि समोर दुसऱ्या इयत्तेंतील मूल एकेका अक्षरावर बोट ठेवीत वाचीत असतें. जोडाक्षरापाशीं तें अडखळलें कीं “अरे, इतकेंही येत नाहीं?” असा प्रश्न होतो, आणि भोंवतालचीं भावंडें खुदकन् हंसतात. वडीलमंडळींचा हेतु चांगलाच असतो. परंतु रोज अशी परीक्षा होऊं लागली, तर मूल वाचावयास शिकण्यापूर्वींच वाचनास भिऊं लागतें.

ही भीति घालविण्याचें एक साधन फार जुनें व अगदीं स्वस्त आहे. तें म्हणजे एखादी विनोदी गोष्ट! गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) यांनीं वकिली सोडून भावनगर येथें बालशिक्षणास वाहून घेतलें व १९२० सालीं तेथें बालमंदिर सुरू केलें. आपल्या ताराबाई मोडक या पुढें त्यांच्या सहकारी झाल्या. गिजुभाईंच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकांतील शिक्षकाचे पहिल्या दिवशींचे सारे बेत फसतात. वर्गांत नुसता गोंधळ माजतो. तो गोष्ट सांगावयास लागतो तेव्हां मात्र तींच मुलें निमूट बसून ऐकतात. गोष्टींची गोडी लागल्यावर सर्वांनीं तेंच एक पाठ्यपुस्तक घेण्याऐवजीं निरनिराळीं पुस्तकें घेऊन वर्गाचें वाचनालय बनवावें, ही युक्तिही त्याच पुस्तकांत आहे.

गिजुभाईंच्या बालवार्तांपैकीं सात शेपट्यांच्या उंदराची गोष्ट प्रसिद्ध आहे. हा उंदीर शाळेंत जातो आणि सात शेपट्या पाहून मुलें त्यास चिडवितात. तो रडत घरीं येतो व एक शेपटी कापून घेतो. दुसऱ्या दिवशीं सहा शेपट्यांवरून चिडवणें चालूच! असें होतां होतां एकही शेपटी उरत नाहीं. तेव्हां मुलें त्यास बिनशेपटीचा म्हणून चिडवितात.

आमच्या परिचयाच्या एका शिक्षिकाबाईंच्या वर्गांत गेल्या पावसाळ्यांत आम्ही ही गोष्ट ऐकली. पहिल्या दिवशीं बाईंनीं ती पुस्तकावांचून, हावभाव करून सांगितली. दुसऱ्या दिवशीं चिडविण्याचें वाक्य फळ्यावर लिहून शेपट्यांच्या आंकड्याची जागा मोकळी ठेविली, व मुलांनीं तें वाचीत वाचीत भरलें. तिसऱ्या दिवशीं गोष्टीचा एकेक तुकडा कागदावर लिहून एकेका मुलाच्या हातीं दिला.

यांतील मर्म सोपें आहे. अर्थ आधींच ठाऊक असल्यामुळें अक्षरांस आधार मिळतो. तेंच वाक्य पुनःपुन्हां येतें, म्हणून सराव होतो. आणि दर वेळीं एक शब्द बदलतो, म्हणून कंटाळा येत नाहीं.

त्या वर्गांत एक मुलगा फार अडखळे. मुलांनीं त्यास त्यावरून एक नांवही ठेविलें होतें. त्याच्या वांट्यास तीन शेपट्यांचा तुकडा आला. तो दोनदां थांबला. परंतु सारीं मुलें पुढच्या शेपटीची वाट पाहत होतीं, त्यामुळें हंसावयास कोणास सवडच नव्हती! वाचून झाल्यावर तो म्हणाला, “बाई, उंदरानें शेपट्या कापायला नको होत्या. चिडवणाऱ्यांनीं गप्प बसायचं होतं.” वर्ग क्षणभर स्तब्ध झाला. बाईंनीं तात्पर्य म्हणून एक शब्दही जोडला नाहीं. तें टोपणनांव मात्र त्या दिवशीं आम्हांस पुन्हा ऐकूं आलें नाहीं.

अर्थात् एका गोष्टीनें वाचन येतें, असें आम्ही म्हणत नाहीं. बाराखडी व जोडाक्षरें यांचा नित्य सराव हवाच. पुष्कळ दिवसांच्या प्रयत्नानेंही मूल सारखें अडखळत असेल, तर त्यास आळशी न ठरवितां डोळे व कान तपासून घ्यावे आणि जाणत्यांचा सल्ला घ्यावा.

एकत्र कुटुंबांत तर ही सोय घरबसल्या आहे. आजीनें रात्रीं गोष्ट सांगावी, आणि दुसऱ्या दिवशीं तेंच पुस्तक मुलाच्या हातास येईल असें ठेवावें. काकांनीं अर्धी गोष्ट वाचून ऐन रंगांत आल्यावर उठून जावें! मुलानें धाकट्या भावंडांस वाचून दाखवावें. कारण त्या श्रोत्यांस चुका कळत नाहींत. तें अडलें तर थोडें थांबावें, शब्द सांगावा व पुढें चलावें. शेवटीं प्रश्न विचारूं नयेत.

मूल उंदरास हंसलें, तर पान उलटील. घरचींच माणसें मुलास हंसलीं, तर तें पुस्तक मिटून ठेवील. यांपैकीं काय व्हावें, हें बव्हंशीं आपल्याच हातीं आहे.