व्हर्च्युअलबॉक्स सुरू होत नाही? आधी कर्नल मॉड्यूल तपासा



आपल्या संगणकावर उबुंटू लिनक्स आहे आणि मुलांची जुनी शैक्षणिक सीडी फक्त विंडोजवर चालते. अशा वेळी व्हर्च्युअलबॉक्स कामी येते. संगणकाच्या आतच दुसरा संगणक! पण एखाद्या दिवशी उबुंटू अपडेट होते आणि 'कर्नल ड्रायव्हर नॉट इन्स्टॉल्ड' असा संदेश येतो. सोबत उणे १९०८ हा क्रमांक असतो.

घाबरून आतले मशीन डिलीट करू नका. मुलांचे काम व्हीडीआय नावाच्या फाइलमध्ये असते आणि या बिघाडाने तिला धक्का लागत नाही. 'डिलीट ऑल फाइल्स' दाबले, तर मात्र सगळे गेलेच म्हणून समजा.

असे का होते?

कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा. प्रोसेसर आणि मेमरीचा कारभार तोच पाहतो. व्हर्च्युअलबॉक्सला तिथे शिरायला 'व्हीबॉक्सडीआरव्ही' हे मॉड्यूल लागते. ते त्या-त्या कर्नलसाठीच तयार केलेले असते. कुलूप बदलले आणि किल्ली जुनीच राहिली, तर दार कसे उघडेल? तसेच हे.

काय करायचे?

कमांड खाली उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. टाइप मात्र इंग्रजी छोट्या अक्षरांत करा.

१. अपडेटनंतर संगणक एकदा रीस्टार्ट करा. मग टर्मिनलमध्ये 'युनेम', जागा सोडून 'उणे आर' लिहा. चालू कर्नलचा क्रमांक दिसेल.

२. 'सुडो एपीटी इन्स्टॉल' लिहून पुढे 'लिनक्स-हेडर्स-' आणि लगेच तोच क्रमांक जोडा. हेडर्स नसतील तर मॉड्यूल तयारच होत नाही.

३. मॉड्यूल नव्याने बनवा. ओरॅकलच्या संकेतस्थळावरून व्हर्च्युअलबॉक्स घेतले असेल, तर 'सुडो' आणि पुढे 'स्लॅश एसबिन स्लॅश व्हीबॉक्सकॉन्फिग'. उबुंटूच्या भांडारातून घेतले असेल, तर 'सुडो डीपीकेजी-रीकॉन्फिगर व्हर्च्युअलबॉक्स-डीकेएमएस'.

४. शेवटी 'सुडो मोडप्रोब व्हीबॉक्सडीआरव्ही'. काहीच उत्तर आले नाही, तर समजा काम झाले! लिनक्समध्ये गप्प राहणे म्हणजे बहुतेक वेळा होकारच.

किल्ली नाकारली तर?

'की वॉज रिजेक्टेड' असे आले, तर सिक्युअर बूट आडवे आले आहे. सही नसलेले मॉड्यूल ते आत घेत नाही. मॉड्यूल बनवताना पासवर्ड ठरवायला सांगितले, तर तो कागदावर लिहून ठेवा. रीस्टार्ट केल्यावर निळा पडदा येतो. तिथे 'एनरोल एमओके' निवडून तोच पासवर्ड द्या. हा पडदा थोडाच वेळ थांबतो, म्हणून त्या वेळी संगणकासमोरून उठू नका. सिक्युअर बूट बंद करूनही काम भागते, पण मग एक सुरक्षा कमी होते. तो उपाय शेवटचाच ठेवा.

पुढच्या वेळेसाठी

डीकेएमएस ही सोय असली, की नवा कर्नल आल्यावर मॉड्यूल बहुधा आपोआप तयार होते. तरीही सत्र परीक्षेच्या किंवा प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवशी अपडेट करू नका. आणि मशीन पूर्ण बंद करून व्हीडीआय फाइलची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवा. साध्या पेनड्राइव्हची मांडणी फॅट-३२ असेल, तर ४ जीबीहून मोठी फाइल त्यात मावत नाही, हे लक्षात असू द्या.

मॉड्यूल पुन्हा बनवायला काही मिनिटे लागतात. मुलांचे पुसले गेलेले काम मात्र पुन्हा बनत नाही.