टोकाला साचलेलं खारं

ड्रॅसिना या घरातल्या शोभेच्या झाडाच्या पानाचं टोक तपकिरी पडलं की पहिला संशय तहानेवर जातो आणि हात आपोआप तांब्याकडे वळतो. वसई-विरारमध्ये मात्र या टोकाची चौकशी कुंडीच्याही आधी पश्चिमेकडच्या बावखलापाशी करावी, असं माझं मत आहे.

बावखल म्हणजे वाड्यांच्या आसपास माणसांनीच खणलेलं गोड्या पाण्याचं तळं. पावसाळ्यात ते तुडुंब भरतं आणि मग सावकाश जमिनीत मुरत राहतं. समुद्र हाकेच्या अंतरावर, तरी विहिरीचं पाणी गोडं! समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा जेमतेम अडीच टक्के जड असतं. एवढ्याशा फरकावर मुरलेला पाऊस जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतो. घायबेन नावाचा डच आणि हर्झबर्ग नावाचा जर्मन अभ्यासक यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी याचा हिशेब मांडला. समुद्रसपाटीच्या वर मीटरभर गोडं पाणी असेल, तर खाली साधारण 40 मीटरपर्यंत ते खाऱ्याला दाबून धरतं. हिशेब उलटाही फिरतो. विहिरी उपसून वरची पातळी उतरवली की खालचं खारं वर सरकू लागतं. वसईची हिरवाई वाचवण्यासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या हरित वसईच्या लढ्यात टँकरसाठी होणारा पाण्याचा उपसा एवढा कळीचा का झाला, ते यावरून कळतं.

आता कुंडी. इथेही भांडण गोड्या-खाऱ्याचंच आहे.

मुळं पाणी ओढतात, पानांवरच्या सूक्ष्म छिद्रांतून त्याची वाफ होते आणि पाण्यासोबत आलेले क्षार मागे राहतात. पाण्याची वाट जिथे संपते तिथे, म्हणजे पानाच्या टोकाला आणि कडेला, ते साचत जातात. ड्रॅसिनाचं विशेष वैर फ्लोराइडशी. फ्लोरिडातल्या शोभेच्या झाडांच्या अभ्यासकांनी 1970च्या दशकात हे दाखवून दिलं. दहा लाख भाग पाण्यात एक भाग फ्लोराइड माणसाला चालतं, पण ड्रॅसिनाच्या काही जातींची टोकं तेवढ्यानेही करपतात. पाणी रात्रभर उघडं ठेवलं तर क्लोरीन बरंचसं उडून जातं. फ्लोराइड जात नाही, आणि पाणी उकळलं तर उलट दाट होतं. सुपर फॉस्फेट खतातही ते असतं, म्हणून ते या झाडाला नकोच. बोअरचं किंवा टँकरचं मचूळ पाणी असेल तर त्यात मिठाची भर.

रोज अर्धा पेला पाणी घालण्याची सवय म्हणूनच वाईट. त्या पाण्याने क्षार आत येतात, बाहेर कधीच जात नाहीत. पाणी द्यायचं ते क्वचित, पण कुंडीच्या भोकातून भरपूर वाहून जाईपर्यंत. बशीत साचलेलं पाणी लगेच ओतून टाकायचं, नाहीतर धुतलेले क्षार माती पुन्हा वर ओढते.

कुंडीतून पाणी निथळण्यात आणखी एक गंमत लपलेली आहे. भिजवलेला स्पंज आडवा धरा, ठिबकणं थांबू द्या आणि मग उभा करा. पुन्हा पाणी गळेल! पाण्याला धरून ठेवणारा तळाचा ओला थर तेवढाच जाड राहतो, पण उभ्या स्पंजात तो कमी जागा व्यापतो. कुंडीच्या तळाशीही असाच ओला थर असतो. त्याची जाडी मातीच्या पोतावर ठरते, कुंडीच्या उंचीवर नाही. त्यामुळे उथळ कुंडीत मुळांचा मोठा हिस्सा चिखलात राहतो. तळाला खडी घातल्याने निचरा सुधारतो हा समज तर पुरता उलटा, कारण ओला थर खडीच्या वर सरकून मुळांच्या आणखी जवळ येतो. पाण्यात प्राणवायू हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. मुळं गुदमरतात, मग कुजतात. कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही आणि ओल्या मातीतलं झाड तहानलेलं दिसतं. माणूस आणखी पाणी ओततो.

जून ते सप्टेंबर वसईच्या हवेतच इतका दमटपणा असतो, की पानांतून वाफ होणं मंदावतं. घरातली कुंडी तेव्हा दोन-दोन आठवडे पाणी मागत नाही. बोट दोन पेरं मातीत खुपसावं, ओल लागली तर हात मागे घ्यावा. एप्रिल-मेमध्ये माती लवकर सुकते, तेव्हाही कॅलेंडरपेक्षा बोटावरच विश्वास ठेवावा.

सर्वांत उत्तम पाणी आपल्याकडे फुकट पडतं. पहिल्या एक-दोन सरींनी गच्ची धुऊन निघाली की पुढच्या पावसाचं पाणी भरून ठेवावं, आणि जुलैतल्या एखाद्या ढगाळ दिवशी कुंडी थेट सरीखाली ठेवावी. वर्षभराचे साचलेले क्षार धुऊन निघतात. पाण्यात वाढणारा लकी बांबू हा बांबू नव्हे, आफ्रिकेतला ड्रॅसिनाच आहे. त्याच्या बरणीतही हेच पाणी घालावं.

करपलेलं टोक पुन्हा हिरवं होत नाही. कात्रीने पानाच्या आकारात तिरपं कापावं आणि तपकिरी रेघेचा केसभर काठ राहू द्यावा, म्हणजे हिरव्या भागाला नवी जखम होणार नाही.