सीमेपलीकडचा कायदा आणि आपल्या गावचा वकील

सीमेपलीकडे काम करणारा वकील कसा घडवायचा, हा आजचा विषय. असं म्हटलं की डोळ्यांसमोर लंडन, सिंगापूर आणि बड्या कंपन्यांचे करार येतात. आपण मात्र सुरुवात घरापासून करू.

सौताड्यावरून पुढे गेलं की जामखेड. 1947 पर्यंत जामखेड ब्रिटिशांच्या मुंबई इलाख्यात होतं आणि आपला बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. सोयरीक दोन्हीकडे, बोली तीच. पण कोर्टाची भाषा वेगळी, कायदा वेगळा. म्हणजे परका कायदा ओळखायला आपल्या माणसाला कधी समुद्र ओलांडावा लागला नाही.

ती सीमा पुसली गेली, दुसरी आजही आहे. दरवर्षी हंगाम सुरू झाला की इथले कोयते पश्चिम महाराष्ट्रात आणि पुढे कर्नाटकात जातात. समजा, बेळगावकडे उसाची ट्रॉली उलटली आणि जोडीतला नवरा गेला. बायको लेकरं घेऊन गावी आली, वकिलाला भेटली. वकील म्हणाला, "बाई, अपघात कर्नाटकात झाला, केस तिकडेच चालणार." तिकडची भाषा कानडी, तारखेला जायला भाडं नाही. बाई घरी बसली. हक्क होता, तो बुडाला.

वकिलाने खोटं सांगितलं का? नाही. त्याला अर्धंच माहीत होतं. कामगार भरपाईच्या 1923 च्या कायद्यात 1995 साली दुरुस्ती झाली. अपघात जिथे झाला तिथे दावा करता येतोच. पण मृताच्या वारसाचं जिथे नेहमीचं राहणं आहे, तिथेही करता येतो. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही सोय ठेवलेली आहे. म्हणजे बाईचा दावा बीडलाच दाखल होऊ शकतो. तिला बेळगावला पाठवायचं कारण नव्हतं.

यातून आपल्याला तीन प्रश्न मिळतात. दावा कुठल्या कोर्टात? कायदा कुठला? आणि निकाल मिळाला तर तो वसूल कुठे आणि कसा होणार? प्रकरण पाटोदा-बेळगावचं असो की पुणे-न्यूयॉर्कचं, हे तीन प्रश्न चुकत नाहीत.

आता परदेशात जाऊ. तिरुपतीला हिंदू पद्धतीने लग्न झालेल्या एका जोडप्यातल्या नवऱ्याने अमेरिकेतल्या मिसूरी राज्यात घटस्फोट मिळवला. 1991 साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तो मानला नाही. तिथल्या कोर्टाचा अधिकार नवऱ्याच्या थोड्या दिवसांच्या वास्तव्यावर टेकलेला होता, घटस्फोटाचं कारण आपल्या हिंदू विवाह कायद्यात बसत नव्हतं आणि बायकोने त्या कोर्टाचा अधिकार मान्य केलेला नव्हता. तिकडे घटस्फोटित, इकडे विवाहित! मुलगी परदेशी दिलेल्या प्रत्येक घराने हे समजून घ्यावं.

पैशाच्या हुकूमनाम्याचंही असंच आहे. संयुक्त अरब अमिरातीचं नाव 2020 साली भारत सरकारने परस्पर मान्यतेच्या यादीत घातलं. त्यामुळे तिथल्या न्यायालयाचा हुकूमनामा वसुलीसाठी आपल्या जिल्हा न्यायालयात थेट आणता येतो. अमेरिका त्या यादीत नाही. तिथला निकाल हाती असला तरी इथे नव्याने दावा लावावा लागतो.

मग शिकवायचं काय? जगभरचे कायदे पाठ करून घ्यायचे? ते कुणालाच शक्य नाही. आम्ही तत्त्वज्ञानाची माणसं, म्हणून आमच्याकडची एक जुनी रीत सुचवतो. आपल्या शास्त्रग्रंथांत स्वतःचा सिद्धान्त मांडण्याआधी पूर्वपक्ष मांडतात. पूर्वपक्ष म्हणजे समोरच्याचं म्हणणं, तेही असं मांडायचं की ऐकून त्यानेच म्हणावं, "हो, मला हेच म्हणायचं होतं." सीमेपलीकडच्या वकिलीचं मर्म आम्हाला यात दिसतं. परका कायदा विचित्र वाटला की आपण त्याला हसतो, नाहीतर त्याच्यापुढे मान तुकवतो. दोन्ही वेळा अशिलाचं नुकसान होतं. तो कायदा तिथल्या माणसांना न्याय्य का वाटतो, हे आधी समजायला हवं.

याचा मोठा दाखला आपल्या घरातच आहे. डॉ. आंबेडकर कोलंबियात शिकले, लंडनमध्ये शिकले, ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले आणि 1935 साली मुंबईच्या शासकीय विधि महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. पुढे संविधान सभेत त्यांनी देशोदेशींच्या घटनांशी तुलना करून आपल्या घटनेची बाजू मांडली. बाहेरचं नीट समजून घेतलेलं होतं, म्हणून काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे त्यांना सांगता आलं.

तेव्हा विधि महाविद्यालयांकडे आपलं मागणं साधं आहे. विद्यार्थ्याला एक तरी शेजारची भाषा शिकवा; आपल्याकडे कानडी किंवा तेलुगू. एकच प्रकरण दोन कायद्यांखाली लिहून घ्या, दोन्ही बाजूंनी. आणि एक हंगाम त्याला उसाच्या फडावर पाठवा. उचल मुकादमाने दिली, वाहतूक ठेकेदाराची, ऊस कारखान्याचा. मग मालक कोण, आणि ते कुठल्या कागदाने सिद्ध करणार? हे ज्याला सोडवता येईल, तो सिंगापूरचा करारही वाचू शकेल.

आणि ती बाई पुन्हा दारात आली, तर तो तिला आधी बसायला सांगेल, आणि मग विचारेल, "बाई, तुम्ही राहता कुठं?"