मागणी जास्त, मग कमाई कमी का?

मागणी वाढली की भाव वाढतो, असं आपण धरूनच चालतो. अमेरिकेतले डॉक्टर बघा. तिथे फॅमिली डॉक्टर मिळत नाहीत, खेड्यांत तर बोंबच. तरी कमाईत ते आणि बालरोगतज्ज्ञ तळाला; न्यूरोसर्जन, हाडांचे सर्जन वर. का? ज्येष्ठांची सरकारी विमा योजना मेडिकेअर १९९२ पासून प्रत्येक कामाला पॉइंट देते, आणि खासगी विमा कंपन्याही बरंचसं तेच धरून दर लावतात. शस्त्रक्रियेला पॉइंट भरपूर. पेशंटशी अर्धा तास बोलून निदान केलं, तर थोडेच. (गरिबांच्या मेडिकेड योजनेत मुलं खूप, तिथे दर आणखी खाली.)

आता तुमचं बिलबुक काढा. पार्टचे पैसे लावलेत. बिघाड शोधायला गेलेला तास कुठल्या ओळीत लिहिलाय?