दंडाला पट्टा बांधण्याआधी

बीपी मोजताना दंडाला आवळणारा पट्टा आपल्या ओळखीचा आहे. तसाच पट्टा दंडाच्या किंवा मांडीच्या वरच्या टोकाला बांधून हलकं वजन उचलायचं, हा व्यायाम जपानच्या योशिआकी सातो यांनी घडवला. त्याला ‘कात्सु’ म्हणतात. १९६६ साली एका धार्मिक विधीत गुडघे मोडून बराच वेळ बसल्यावर त्यांच्या पोटऱ्या बधिर झाल्या आणि त्यातून त्यांना ही कल्पना सुचली. एरवी पेलेल त्याच्या २० ते ३० टक्के वजनही यात पुरतं. म्हणून गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर फिजिओथेरपिस्ट तो करून घेतात.

रक्तदाबाचं काय होतं? पट्ट्यामुळे हातापायांकडे जाणारं रक्त कमी होतं आणि परतीचं जवळजवळ अडतं. स्नायूत आम्ल साचतं, तिथले मज्जातंतू मेंदूला खबर देतात आणि दाब चढतो. तेवढंच वजन पट्ट्याविना उचललं तर इतका चढत नाही. पट्टा सुटला की रक्त धावतं, नायट्रिक ऑक्साइडमुळे रक्तवाहिन्या सैलावतात आणि दाब व्यायामाआधीच्या पातळीखालीही जाऊ शकतो. अशा वेळी झटकन उठलं तर चक्कर येऊ शकते. पण असा उतार साध्या चालण्यानंतरही मिळतो. पट्ट्याने तो जास्त मिळतो, असं म्हणण्याइतका पुरावा नाही. माझ्या मते बीपी उतरवण्यासाठी हा मार्ग धरूच नये.

पालघर जिल्ह्यात आणखी एक गोष्ट आधी विचारायला हवी: सिकलसेल. इथल्या आदिवासी समाजांत हा आनुवंशिक दोष आढळतो. ऑक्सिजन कमी झाला, आम्ल वाढलं की सिकलसेलच्या रुग्णाच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पट्टा नेमकी हीच स्थिती तयार करतो. आई-वडिलांपैकी एकाकडूनच हा दोष मिळालेल्या वाहकाला एरवी काही त्रास नसतो, म्हणून त्याला आपल्या रक्तातला हा दोष बहुतेकदा ठाऊकच नसतो; पण टोकाच्या ताणात त्याच्याही पेशी वाकू शकतात. तारापूर एमआयडीसीतली पाळी संपवून बोईसरच्या जिममध्ये जाणारा धडधाकट तरुणही वाहक असू शकतो.

व्हिडिओ पाहून अंदाजाने इलॅस्टिक आवळू नका. ताब्यात नसलेलं बीपी, पायात रक्ताची गुठळी झाल्याचा इतिहास किंवा गरोदरपण असेल, तर पट्टा नकोच. आणि सिकलसेलची तपासणी झाली नसेल, तर आधी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. बोटातल्या थेंबभर रक्तावर पहिली चाचणी होते.