डाव्या दंडावरचा व्रण

सांताक्रूझ पूर्वेच्या व्ही. एन. देसाई या महापालिकेच्या रुग्णालयात काय, किंवा मुंबईच्या कोणत्याही प्रसूतिगृहात काय, मूल जन्मले की आईसह घरी पाठवण्यापूर्वी त्याच्या डाव्या दंडावर बीसीजीची लस टोचावी असा शिरस्ता आहे. गडद तपकिरी कुपीतली कोरडी पूड सलाइनमध्ये विरघळवायची, चार तासांच्या मुदतीत ती संपवायची, आणि अवघा ०.०५ मिलिलिटर द्रव बारीक सुईने कातडीच्या आतच असा सोडायचा की जागेवर फिकट फुगवटा उठावा. महिन्या-दीड महिन्याने तिथे गाठ धरते, पिकते, फुटते. घाबरून आलेल्या आईला परिचारिका सांगते, “पिकू द्या हो, त्याला काही लावू नका”. आणि खपली पडल्यावर जन्मभराचा वाटोळा व्रण मागे राहतो.

ही लस क्षयाची. फ्रान्समधील लील शहरी कॅलमेट व ग्वेराँ या दोघांनी गाईच्या क्षयाचा जंतू १९०८ पासून तेरा वर्षे पुनःपुन्हा वाढवून निस्तेज केला, आणि १९२१ मध्ये ती प्रथम एका अर्भकाला देण्यात आली. आपल्याकडे मद्रासजवळ गिंडीला तिची प्रयोगशाळा १९४८ मध्ये उभी राहिली. लहान मुलांना मेंदूच्या आवरणाच्या क्षयापासून ती वाचवते. प्रौढांच्या फुप्फुसांच्या क्षयावर मात्र चिंगलपेट जिल्ह्यातील प्रचंड चाचणीत तिचा उपयोग दिसला नाही. परंतु या लसीविषयी निराळेच एक कोडे वैद्यकापुढे फार काळ पडून होते: क्षयाशी काडीचाही संबंध नसलेल्या रोगांनी दगावणारी बालकेही, ती टोचलेल्यांत, काही ठिकाणी कमी आढळत.

पाठ्यपुस्तकांच्या मते हे संभवतच नव्हते. रक्तातील लसिकापेशी प्रत्येक जंतूची ओळख स्वतंत्रपणे ठेवतात व तो पुन्हा आला की नेमके त्याच्यावरच तुटून पडतात, तेव्हा स्मृती काय ती त्यांचीच. आणि जंतू दिसताच गिळणाऱ्या ज्या भक्षकपेशी जन्मजात प्रतिकाराचे काम करतात, त्यांना कालचे काही आठवत नाही, असा निवाडा झालेला होता. या भक्षकपेशींचे महत्त्व जगापुढे प्रथम मांडले ते मेचनिकोफने, १८८२ मध्ये मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा खुपसून, त्याभोवती गोळा झालेल्या पेशी पाहून. ओडेसात त्याच्या हाताखाली शिकलेला हाफकिन पुढे १८९६ च्या प्लेगात मुंबईत दाखल झाला, आणि १० जानेवारी १८९७ रोजी उष्णतेने मारलेल्या जंतूंची लस त्याने आधी स्वतःलाच टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्याच्याच नावाची. १९०८ चे नोबेल पारितोषिक मेचनिकोफ व एर्लिख यांना विभागून मिळाले खरे, तथापि पुढील शतकभर शास्त्राचा ओढा एर्लिखच्या बाजूला, म्हणजे रक्तद्रवातील प्रतिपिंडांकडेच राहिला, आणि मेचनिकोफच्या पेशी, माझ्या मते, अन्यायाने मागे पडल्या.

नेदरलँड्समधील नायमेखनच्या मिहाई नेतेआ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये, भक्षकपेशींना स्मृती नाही या निवाड्याविरुद्ध जाहीर तक्रार गुदरली आणि पुढच्याच वर्षी पुरावा दाखल केला. बीसीजी दिलेल्या निरोगी माणसांच्या रक्तातील मोनोसाइट नावाच्या भक्षकपेशी काढून त्यांच्यासमोर क्षयाचा नव्हे, तर कँडिडा ही बुरशी व पू करणारा स्टॅफिलोकोकस असे परके जंतू ठेवले असता त्या पूर्वीपेक्षा अधिक जोराने प्रतिसाद देत, आणि हा जोर तीन महिन्यांनंतरही टिकून होता.

आता हे होते कसे, तो भाग खरा रोचक आहे. पेशीतील जनुके प्रथिनांभोवती घट्ट गुंडाळलेली असतात, आणि जे गुंडाळलेले आहे ते सहसा वाचले जात नाही. जुन्या दप्तरखान्यात कागद रुमालात बांधून फडताळावर टाकलेले असत; एखाद्या बखेड्यात कारकुनाने काही रुमाल सोडावेत आणि प्रकरण मिटल्यावरही त्यांची गाठ सैलच ठेवावी, वर खुणेची चिठ्ठी लावावी, म्हणजे पुढच्या वेळी कागद चटकन हाती लागावा, तसा हा प्रकार आहे. त्या प्रथिनांवर मिथिल नावाच्या लहान रासायनिक गटाची खूण बसते, दाहक द्रव्यांची जनुके अर्धवट उघडी राहतात, आणि पेशी साखर जाळण्याची आपली रीतही बदलते. जनुकाचे एक अक्षरही बदललेले नसते. म्हणूनच या स्मृतीला शत्रूचे नाव ठाऊक नसते. पूर्वी एकदा आपण चेतवले गेलो होतो, एवढेच तिला ठाऊक.

मोनोसाइट तर रक्तात थोडे दिवसच जगतात. मग स्मृती महिनोन् महिने टिकावी कशी, हा आक्षेप साहजिक होता. उत्तर हाडांच्या मज्जेत मिळाले: रक्तपेशींना जन्म देणाऱ्या मूळपेशींवरच बीसीजीचा परिणाम होतो, असे २०१८ मध्ये उंदरांत व पुढे माणसांतही दिसून आले.

इतके झाल्यावर मोठ्या आशा बांधल्या गेल्या नसत्या तरच नवल. पश्चिम आफ्रिकेतील गिनी-बिसाऊत कमी वजनाच्या नवजातांना जन्मतःच बीसीजी दिल्याने मृत्यू घटल्याचे आढळले. पण पुदुच्चेरी व तामिळनाडूत अशाच बालकांवर झालेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत तसा लाभ दिसला नाही. तिकडे डॅनिश वाण वापरला होता, इकडे रशियन. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लसही रशियन वाणाचीच. हा भेद निर्णायक की परिस्थितीचा, याचा वाद मिटलेला नाही. कोविडच्या काळात तर बीसीजीचा बराच गवगवा झाला, महाराष्ट्रातही प्रयोग झाले. परंतु पाच देशांतील सुमारे चार हजार आरोग्यसेवकांवर झालेल्या चाचणीने २०२३ मध्ये सांगितले की कोविड टाळण्यात तिचा फायदा दिसत नाही.

शिवाय या स्मृतीची एक उलट बाजूही आहे. सैल राहिलेली गाठ कधी कधी नको तिथे सुटते: उंदरांना काही आठवडे अतिस्निग्ध आहार दिला असता मज्जेतील पेशी तशाच चेतल्या, आणि आहार पूर्ववत केल्यावरही चेतलेल्याच राहिल्या. रक्तवाहिन्यांत मेद साचून होणाऱ्या विकारांत अशा चेतलेल्या पेशींच्या दाहाचा वाटा किती, याचा तपास आता हृदयरोगाचे संशोधकही करू लागले आहेत.